चार टाचण्या

कॉरिडॉरमधल्या थर्मोकोलच्या बोर्डावर 19 फोटो होते. विसाव्याच्या जागी चार कोपऱ्यांना टोचलेल्या नुसत्या चार टाचण्या आणि खाली डकवलेली शीर्षकाची पट्टी: ‘पोळा’. फोटो काढून घेतला होता, पट्टी काढायची राहून गेली होती. शेजारी पेन्सिलीने लिहिलेली इवलीशी चिठ्ठी, ‘स्केल बार नाही. बाद.’ स्केल बार म्हणजे फोटोतच काढलेली मापाची रेघ. धातुशास्त्राच्या एका व्यावसायिक संस्थेच्या नागपुरातल्या शाखेने विद्यार्थ्यांसाठी मेटॅलोग्राफीची, म्हणजे धातूची आतली रचना मायक्रोस्कोपखाली दाखवणाऱ्या फोटोंची, स्पर्धा ठेवली होती, त्या प्रदर्शनातली ही गोष्ट. ज्याचा फोटो होता तो मुलगा आला, चिठ्ठी वाचली आणि मित्राला एवढंच म्हणाला, “नोटीसमध्ये होतं का बे हे?” मित्र म्हणाला, “सोड न, चाल पोहे खाऊन येऊ.” जाता जाता त्या मुलाने एक वाकडी झालेली टाचणी बोटाने सरळ केली. रिकाम्या जागेची टाचणी. ते पाहिल्यावर काही तरी टोचत राहिलं ते राहिलंच.

नोटीसमध्ये ते नव्हतं.

तो फोटो मागच्या टेबलावर पालथा पडलेला होता. एसजी आयर्न, म्हणजे ज्यातलं ग्राफाइट पापुद्र्यांसारखं न पसरता गोळ्यांच्या रूपात बसतं ते बीड. मधोमध काळाभोर गोळा, त्याभोवती फेराइटचं, म्हणजे जवळजवळ कार्बन नसलेल्या लोखंडाचं, पांढरं कडं, आणि बाहेर कार्बन धरून बसलेल्या करड्या पर्लाइटचं रान. अशा डोळ्यांचा कळपच्या कळप. या रचनेला जगभर ‘बुल्स आय’ म्हणतात. इंग्रजीत तो नेमबाजीचा शब्द, पण या पोराने त्यात खरोखरचा बैल पाहिला आणि पोळ्याच्या आठवड्यात त्याला तेच नाव दिलं. हा डोळा होतो कसा, तेही बघण्यासारखं आहे. बीड सावकाश थंड होताना गोळ्याच्या लगतचा कार्बन सरकत सरकत गोळ्यालाच जाऊन मिळतो, त्यामुळे आजूबाजूचं लोखंड कार्बनला मुकतं आणि पांढरं दिसतं. दूरच्या कार्बनला तेवढा वेळ मिळत नाही, तो पर्लाइटमध्येच अडकतो. आणि मुळात गोळा व्हावा म्हणून ओतताना 0.03 ते 0.05 टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम शिल्लक असावं लागतं. कमी पडलं तर गोळ्यांचे वेडेवाकडे किडे होतात, जास्त झालं तर कडक, ठिसूळ कार्बाइड आणि आतल्या पोकळ्या वाढतात. मॅग्नेशियम घातल्यावर लॅडल, म्हणजे वितळलेल्या बिडाचा डोल, पाच-दहा मिनिटं जरी रेंगाळला तरी ते उडायला लागतं. हिंगण्याच्या एमआयडीसीत फाउंड्रीवाल्यांचा अर्धा ओरडा या रेंगाळण्यावरच असतो.

असा फोटो मिळवायला किती हात लागतात ते बाहेरच्याला कळत नाही. पंधराएक मिलिमीटरचा तुकडा कापायचा, तो पाण्याच्या धारेखाली, नाहीतर कापतानाच तापून आतली रचना बदलते. मग बेकेलाइटच्या पावडरीत घालून साधारण 150 अंशांवर, दाबाखाली, सात-आठ मिनिटं शिजवायचा. बाहेर आलेल्या गोटीची धार घासून मोडायची, कारण तीच धार पुढे कापड फाडते. मग एमरी पेपर: 1/0, 2/0, 3/0, 4/0. प्रत्येक कागदावर एकाच दिशेने घासायचं, आणि कागद बदलला की गोटी 90 अंशांनी फिरवायची. आधीच्या कागदाचे आडवे ओरखडे पूर्ण जाऊन फक्त नवे उभे उरले, तरच पुढे. इथेच घाई होते. मागचा एखादा खोल ओरखडा राहून जातो, पुढच्या बारीक कागदाखाली तो बुजल्यासारखा दिसतो, आरशासारखी चकाकीही येते. आणि ॲसिड लागलं की तोच ओरखडा रस्त्यासारखा वर येतो. अशा वेळी बारीक कागदावर कितीही वेळ घालवला तरी उपयोग नसतो, परत 1/0 वर जावं लागतं. शेवटी फिरत्या चकतीवरच्या मखमली कापडावर ॲल्युमिनाचं पाणी सोडून पॉलिश. बिडात इथे वेगळीच पंचाईत: ग्राफाइट मऊ असतं, जास्त वेळ धरलं तर ते उपटून येतं आणि गोळ्याच्या जागी भोक उरतं, किंवा एकाच दिशेने धरलं तर प्रत्येक गोळ्याला धूमकेतूसारखी शेपटी फुटते. मग 2 टक्के नायटल, म्हणजे 98 मिली अल्कोहोलमध्ये 2 मिली नायट्रिक ॲसिड. ओतायचं ॲसिड अल्कोहोलमध्ये, उलटं नाही. पाच-दहा सेकंद. पृष्ठभाग धुरकट झाला की लगेच अल्कोहोलने धुऊन गरम हवेने वाळवायचं. दोन सेकंद जास्त झाले की पर्लाइट काळं ठिक्कर पडतं आणि काळ्या डोळ्याला काळंच रान मिळतं. ऑगस्टच्या ओल्या हवेत हा तुकडा उघडा ठेवला तर सकाळपर्यंत गंजतो. तुकडा कोरडा ठेवायच्या बंद भांड्यातल्या, डेसिकेटरमधल्या, सिलिका जेलचे निळे खडे गुलाबी झालेत का, ते आधी बघायचं असतं.

हे सगळं त्या पोराने नीट केलेलं होतं. शेपट्या नाहीत, भोकं नाहीत, एकही रस्ता नाही.

स्केल बार मात्र नव्हता. कोपऱ्यात ‘200X’ लिहिलेलं होतं, आणि बरेच जण म्हणतील की मग झालं की. नाही झालं. 200 पट हे एकाच आकाराच्या प्रिंटला खरं असतं. तोच फोटो ए-फोरवर छापला की तो आकडा खोटा, पडद्यावर टाकला की आणखी खोटा, आणि मोबाइलवर कुणी दोन बोटांनी मोठा केला की त्याला काही अर्थच उरत नाही. फोटोतच काढलेली 50 मायक्रॉनची रेघ मात्र फोटोसोबत ताणली जाते, फोटोसोबत आकसते, म्हणून ती खरं बोलते. ती काढायला स्टेज मायक्रोमीटर लागतो: काचेच्या पट्टीवर एक मिलिमीटरचे 100 भाग, प्रत्येक भाग 10 मायक्रॉनचा. मायक्रोस्कोपच्या प्रत्येक भिंगाखाली तो ठेवून सॉफ्टवेअरला एकदा सांगून ठेवावं लागतं की इतके पिक्सेल म्हणजे इतके मायक्रॉन. नेहमीची चूक अशी की भिंग 20 वरून 50 वर फिरवलं जातं आणि मेनूत 20 तसंच राहतं. मग प्रत्येक माप अडीचपट फुगतं. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 945 मध्ये ग्राफाइटच्या आकाराचे आठ वर्ग आहेत. 30 ते 60 मायक्रॉनचा गोळा सहाव्या वर्गात बसतो. अडीचपट फुगला की तो पाचव्यात किंवा पार चौथ्यात. म्हणजे रेघ चुकली तर चांगलं ओतकाम वाईट ठरतं, आणि रेघच नसेल तर ते चांगलं की वाईट हे विचारताही येत नाही. नियमाबद्दल वाद नाहीच.

नियम बरोबर, बाद करणं बरोबर, आणि तरीही पोराचं म्हणणं बरोबर.

अशा संस्थांचा कारभार पोटापाण्याची नोकरी सांभाळून काम करणारी माणसं चालवतात. अमेरिकेतल्या एएसएम या धातुशास्त्राच्या संस्थेपासून आपल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्सपर्यंत सगळीकडे हेच. समितीच्या कागदावर सात नावं असतात, बैठकीला चार येतात, काम दोघं करतात, आणि त्यातला एक जण दुसऱ्याच्या घरी फोन करून करून थकतो. यात रडण्यासारखं काही नाही, फुकटच्या कामाचं गणित असंच असतं. नागपुरात या समित्यांना माणसं मात्र कमी पडू नयेत. अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी, वाडीचं ॲल्युमिनियम संशोधन केंद्र, मँगनीजच्या खाणी चालवणारी मॉयल, इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, 1960 पासूनचं आणि 2002 मध्ये व्हीएनआयटी झालेलं आपलं इंजिनिअरिंग कॉलेज. धातूवर आयुष्य काढलेली माणसं या शहरात धरमपेठेपासून वाडीपर्यंत विखुरलेली आहेत. निवृत्त सभासद साडेपाचच्या बैठकीला पाच वीसलाच येऊन बसतात आणि पंखा कुठे लावायचा ते ठरवतात. उन्हाळ्यात बैठक साडेसहाच्या आधी घेण्यात अर्थ नाही. कूलर चालू, ओल्या वाळ्याचा वास, पंपाची घरघर, आणि त्या घरघरीत सचिव मिनिट्स लिहितो. ‘पंधरा’ ऐकायचं तिथे ‘पन्नास’ लिहिलं जातं. मुरलेला सचिव म्हणून प्रत्येक ठराव मोठ्याने परत वाचून दाखवतो: काय करायचं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. ज्या ओळीत ‘कोण’च्या जागी ‘समिती’ लिहिलेलं असतं ते काम होत नाही, हे खुशाल धरून चालावं.

कामं तरी कसली असतात! परीक्षक तीन, त्यातला एक सगळ्यांना नऊ देणारा, एक पाचाच्या वर न जाणारा. गुणांची बेरीज केली तर ज्याचे गुण सगळ्यात जास्त खाली-वर होतात तोच निकाल ठरवतो, म्हणून गुणांऐवजी प्रत्येकाने लावलेल्या क्रमांकांची बेरीज करायची. त्याआधी तिघांना तेच दोन जुने फोटो देऊन मन जुळवून घ्यायचं. फोटोमागे नाव नको, नंबर हवा, आणि तो नंबर बॉलपेनने लिहायचा नाही, कारण दाब पुढे उमटतो आणि पांढऱ्या फेराइटवर ‘14’ दिसायला लागतं, स्टिकर लावायचा. प्रिंट ग्लॉसी नको, ट्यूबलाइट चमकते. टाचणी फोटोला भोक पाडून नाही, कडेला लावून टोचायची. जेवणाला 60 नावं आली की 45 ताटं सांगायची. खात्यावर सही करणारा बदलला तर ठरावाची प्रत आणि दोघांचं केवायसी बँकेत गेल्याशिवाय चेक निघत नाही, तोवर मांडववाला रोज फोन करतो. बाहेरगावच्या वक्त्याला तारीख देताना पंचांग बघायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे तान्हा पोळा असतो, महालात-इतवारीत काळ्या-पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते, आणि त्या दिवशी स्टेशनवरून गाडीने अर्ध्या तासात पोहोचू असं दिल्लीच्या माणसाला सांगणं म्हणजे पाप आहे.

या खटाटोपातून निघतं काय, असं कुणी विचारलं की या एसजी आयर्नचीच गोष्ट सांगावीशी वाटते. 1948 च्या मे महिन्यात फिलाडेल्फियाला अमेरिकन फाउंड्रीमेन्स सोसायटीचं अधिवेशन भरलं होतं. सेरियम हा धातू घालून ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात आणता येतं, हा ब्रिटिश संशोधकांचा निबंध तिथे चर्चेला होता. त्या चर्चेतच इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या माणसाने उठून सांगितलं की आम्हाला हे मॅग्नेशियमने जमलं आहे. आज जगभर एसजी आयर्न ओतलं जातं ते मुख्यतः मॅग्नेशियम वापरून. निबंध नुसता छापून मोकळे झाले असते तर ती गोष्ट त्या दिवशी त्या खोलीत बोलली गेली नसती. निबंधानंतर चर्चेला वेळ ठेवायचा हे कुणीतरी ठरवलेलं असणार, आणि त्या ‘कुणीतरी’चं नाव कुठल्याही पुस्तकात नाही. आपल्याकडे मात्र उशीर झाला की आधी कात्री लागते ती प्रश्नोत्तरांना. सत्कार, शाल, श्रीफळ तेवढं शाबूत.

मानकांच्या समित्या हे तर याहून कोरडं काम. भारतीय मानक ब्युरोच्या धातू विभागात, एमटीडीत, मसुदा फिरतो, सूचना मागवल्या जातात. प्रत्येक सूचनेला कलम क्रमांक, सूचनेचा प्रकार, कारण आणि बदलाचा नेमका मजकूर हवा. ‘हे जरा तपासून बघावे’ असं लिहून पाठवणारे पुष्कळ. तसल्या सूचनेचं कुणी काही करू शकत नाही. अमेरिकेतल्या एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या समितीत विरोधी मत द्यायचं तर लेखी कारण द्यावंच लागतं, आणि एकट्याचंही कारण चर्चेला घ्यावं लागतं. असल्या घासाघाशीतून जो एकेक आकडा उरतो तो आपल्या घराच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतो. सळईवर एफई 500 या ग्रेडच्या पुढे एक ‘डी’ असतो. सळयांच्या भारतीय मानकात, आयएस 1786 मध्ये, त्या एका अक्षरामुळे तुटण्याआधी सळई किमान किती लांबली पाहिजे तो आकडा 12 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर जातो, आणि गंधक व फॉस्फरस मिळून 0.105 टक्के चालायचे ते 0.075 च्या आत यावे लागतात. दुकानात कुणी विचारत नाही. डी म्हणजे डक्टाइल हे सांगणारा दुकानदार इतवारीत शोधावा लागेल.

शाळा-कॉलेजांच्या क्विझचं थोडक्यात सांगायचं तर, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्सची कल्पक्कम शाखा अकरावी-बारावीच्या मुलांसाठी धातुशास्त्रज्ञ ब्रह्मप्रकाश यांच्या नावाची क्विझ घेते, आणि गावोगावच्या शाखा आपापली फेरी घेऊन मुलं पाठवतात. अशी फेरी बोंबलते ती बहुतेक वेळा प्रश्नावरच. ‘सर्वांत कठीण पदार्थ कोणता’ असं विचारलं की एक हुशार पोरगी ‘कोणत्या मापाने?’ म्हणते आणि स्टेजवरचे तिघं एकमेकांकडे बघतात. प्रश्न काढणाऱ्याने उत्तरासोबत पुस्तकाचं पानही लिहून द्यावं, एवढं केलं तरी पुरे.

आता त्या नोटिशीचं. स्केल बारचा नियम दोन वर्षांपूर्वीच झाला होता, मिनिट्समध्ये आहे, नाव-तारखेसकट. त्या वर्षीच्या नोटिशीत तो छापलाही होता. पण पुढच्या वर्षी विद्यार्थी सचिव बदलला, संस्थेच्या ईमेलचा पासवर्ड जुन्या सचिवासोबत पुण्याला नोकरीला गेला, आणि नव्याने कुणाच्या तरी मोबाइलवर सापडलेली सगळ्यात जुनी नोटीस उचलली. तारीख बदलली, खालचं नाव बदललं, पाठवून दिली. ती वाचायला दिली होती तिघांना. तिघांनी तारीख तपासली, नावाचं स्पेलिंग तपासलं, आणि ‘छान’ लिहून अंगठा दाखवला. परीक्षकांकडे मात्र नियमांची नवी यादी गेली, कारण ती कपाटातल्या फाइलमध्ये होती आणि परीक्षक कपाटाशेजारीच बसले होते. मागच्या कागदाचा ओरखडा राहिला होता. ॲसिड लागलं ते पोराच्या फोटोला.

संध्याकाळी त्यावर बरंच बोलणं झालं. एक जण म्हणाला, आता घेऊ, चूक आपली. दुसरा म्हणाला, ज्या 19 जणांनी न सांगता रेघ काढली त्यांचं काय? दोघांचंही पटत होतं, हीच अडचण. प्रयोगशाळेतल्या सहायकांनी शेवटी कामाचा प्रश्न विचारला: “भाऊ, फोटो कुठल्या भिंगावर काढला त्याची नोंद आहे का?” होती, मूळ फाइल पोराकडे होती, आणि लॅबच्या वहीत त्याने भिंग, तारीख, वेळ लिहिलेली होती. ती नसती तर विषय तिथेच संपला असता, कारण नुसत्या प्रिंटवर मागाहून रेघ ओढणं म्हणजे अंदाजपंचे. मग तेच भिंग, तोच कॅमेरा, खाली स्टेज मायक्रोमीटर. त्याचा फोटो, पिक्सेल मोजले, आणि मूळ फाइलवर 50 मायक्रॉनची रेघ काढली. पहिल्यांदा ती पांढरी काढली, ती फेराइटच्या कड्यात हरवली. मग काळ्या चौकटीत बसवली. स्पर्धेत घ्यायचं नाही, प्रदर्शनात लावायचं, असं ठरलं. हा तोडगा मला अजून पुरता पटलेला नाही, पण दुसरा सुचतही नाही.

फाइलच्या पहिल्याच पानावर कुणीतरी लाल पेनाने लिहून ठेवलं आहे: ‘नोटीस मोबाइलवरून काढू नये. इथूनच घ्यावी. घेतल्यावर नियम 6 आहे का बघावा.’ नियम 6 म्हणजे रेघ.

शेवटच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास बोर्डावर 20 फोटो होते. निकालाच्या यादीत त्या पोराचं नाव नव्हतं, आणि तो आला होता का ते कुणाला माहीत नाही. टाचण्या त्याच वापरल्या होत्या. ‘पोळा’ची पट्टीही तीच, ओल्या हवेने एका कोपऱ्यात सुटत आलेली.